आक्षेप असेल तर लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सभासद असलेल्या पुण्यातील एका वाचनालयात सध्या एक पुस्तक मागितले तरी मिळत नाही. ते यादीत आहे, कपाटातही आहे. काही मंडळी येऊन आक्षेप घेऊन गेली, म्हणून ‘तूर्त देत नाही’. आक्षेप कोणाचा, कोणत्या पानावर, निर्णय कोणी घेतला, यातले काहीही कागदावर नाही.

इतकी मोकळीक कायद्याने सरकारलाही दिलेली नाही. पुस्तक सरकारजमा करायचे तर कारणे नमूद करून अधिसूचना काढावी लागते. तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते आणि तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ ते प्रकरण ऐकते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरची बंदी याच वाटेने २००७ मध्ये रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्या पुस्तकाने अनेकांची मने दुखावली, हे खरेच आहे, आणि त्या दुःखाची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. पण लेन यांना मदत केल्याच्या आरोपावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जी नासधूस झाली, तिला त्या वादाशी काडीचाही संबंध नसलेले ग्रंथ आणि पोथ्या बळी पडल्या. पुणेकरांनी तरी हे विसरू नये.

मराठी लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्या एका कथेवरचा अश्लीलतेचा खटला आठवावा. १९६२ च्या दिवाळी अंकातील ती कथा. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. निकाल काहीही लागला असता, तरी तो देण्यासाठी न्यायमूर्तींना ती कथा वाचावी लागली. आमच्याकडे मात्र न वाचताच निकाल लागला, आणि अपील करायचे तर कोणाकडे?

एखादे पुस्तक मला नको असेल तर मी ते घरी नेणार नाही. खोटे वाटले तर खोडून काढणारा लेख लिहीन. शेजारच्याने काय वाचावे, हे ठरवण्याचा हक्क मला त्यातून मिळत नाही. ग्रंथपालांवर माझा राग नाही. दारात जमाव उभा राहिला की तुटपुंज्या पगारावरचा तो एकटा माणूस काय करणार? त्याच्या पाठीशी कार्यकारी मंडळाने उभे राहायला हवे होते.

म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: आक्षेप लेखीच घ्यावा, पानासह घ्यावा, सूचना फलकावर लावावा, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक सभासदांना देत राहावे. इतर वाचनालयांच्या सभासदांनीही आपापल्या सभेत असा ठराव आणावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे