शंकरपटाचे ‘लाइव्ह’ किती उशिरा दिसते, ते मोजा

महोदय,
गावोगावच्या शंकरपटांचे (बैलजोड्यांच्या शर्यतींचे) आता मोबाइलवर थेट प्रक्षेपण होते. निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, पण धावून गेलेली जोडी घरी वीस-तीस सेकंदांनीही दिसू शकते. ‘नेट स्लो आहे’ म्हणून मोकळे होण्यापेक्षा आयोजकांनी हा उशीर मोजावा.

लॅपटॉपवर चालू वेळ क्यूआर कोडच्या रूपात दाखवायची आणि प्रक्षेपणाचा कॅमेरा त्यावर धरायचा. शेजारी प्रक्षेपण पाहणारा मोबाइल ठेवून दोन्ही पडदे दुसऱ्या मोबाइलने एकत्र चित्रित करायचे. ओपनसीव्ही ही चित्रे वाचणारी मोफत प्रणाली प्रत्येक फ्रेममधले दोन्ही कोड वाचते. वजाबाकी केली की उशीर हाती येतो. घड्याळ एकच, त्यामुळे वेळ जुळवण्याची भानगड नाही. नुसते आकडे दाखवू नका. धूसर फ्रेममध्ये 3 चा 8 वाचला जातो. कोड 100 मिलिसेकंदांनी बदलावा, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तो तीन फ्रेम टिकतो. कोड आकाराने लहान असला तर कॉम्प्रेशनमध्ये चौकोन फिसकटतात. लॅपटॉप सावलीतच ठेवा, उन्हात काहीच वाचले जात नाही.

उशिराचे मूळ बहुधा व्हिडिओच्या तुकड्यांत असते. एचएलएस या पद्धतीत व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो; त्यात सहा सेकंदांचे तीन तुकडे साठवून प्लेअर सुरू झाला, की अठरा सेकंद तिथेच गेले. तुकडे दोन सेकंदांचे केले तर उशीर घटतो, पण कमजोर रेंजमध्ये चित्र अडकते. आणि प्रत्येक अडकण्याने उशीर वाढत जाऊ शकतो, म्हणून सुरुवातीला मोजून थांबू नये, तासाभराने पुन्हा मोजावे.

— एक वाचक, जि. यवतमाळ