एंडनोटमधून झोटेरोकडे : शनिवारपूर्वी वाचा

सर्व संशोधक सदस्यांसाठी,

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता संगणक कक्षात आपण सगळ्यांच्या संदर्भ-लायब्ऱ्या (लेख-पुस्तकांच्या नोंदी आणि त्यांचे पीडीएफ) एंडनोट या सॉफ्टवेअरमधून झोटेरो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवणार आहोत. स्वतःचा लॅपटॉप आणा. झोटेरो आधीच टाकून ठेवा.

येण्यापूर्वी:

- एंडनोटमधूनच कंप्रेस्ड लायब्ररी (सगळ्या लायब्ररीची एकच फाइल) करून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. बॅकअप नसेल तर लायब्ररीला हात लावला जाणार नाही.
- नोंदींचे एक्सपोर्ट एक्सएमएल या फाइल-प्रकारात करा आणि ती फाइल लायब्ररीच्या ‘डेटा’ फोल्डरमध्येच सेव्ह करा. त्यातच पीडीएफ असतात. फाइल दुसरीकडे ठेवलीत तर नुसत्या नोंदी येतील, पीडीएफ मागे राहतील.
- ग्रुप्स (एंडनोटमध्ये केलेले नोंदींचे गट) एक्सपोर्टमध्ये येत नाहीत. ज्यांनी प्रकरणवार ग्रुप्स केलेत, त्यांनी ग्रुपचे नाव कीवर्डमध्ये घाला, म्हणजे झोटेरोत ते टॅग म्हणून दिसेल. काम कंटाळवाणे आहे, पण आत्ताच करा.

ज्यांचा प्रबंध वा लेख वर्डमध्ये अर्धा लिहून झालाय, त्यांनी तो एंडनोटमध्येच पूर्ण करावा. मजकुरातली जुनी सायटेशन्स (एंडनोटने घातलेले संदर्भ) झोटेरो ओळखत नाही. ती एकेक करून पुन्हा घालावी लागतील.

झोटेरोच्या सर्व्हरवर मोफत जागा ३०० एमबीच मिळते. मोठा पीडीएफ-साठा असलेल्यांनी फाइल-सिंक (पीडीएफ सर्व्हरवर चढवणे) बंद ठेवावे, नोंदी तरीही सिंक होतात.

एंडनोट लगेच काढून टाकू नका.

– समन्वयक