एलबीएस मार्गावर कारखान्यांच्या पाट्या लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मुंबईतल्या एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाचं नाव काढलं की लोक ट्रॅफिकवरूनच सुरू होतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण एखाद्या रविवारी सकाळी सहाला गाडी काढा, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला न चढता सायनवरून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असं करत आरामात ठाण्यापर्यंत जा, वाटेत दोनदा चहाला थांबा. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता, आमच्या घरी अजून आग्रा रोडच म्हणतात. परवा वडिलांना घेऊन गेलो होतो, ते भांडुपच्या जीकेडब्ल्यू (गेस्ट कीन विल्यम्स) कारखान्यातून रिटायर झालेत, त्यामुळे गाडी तीसच्या वर नेऊच देत नव्हते, "थांब, इथे गेट होतं" हे दर पाच मिनिटांनी.

कुर्ल्याचा कमानी स्टॉप घ्या. रोज हजारो लोक तिथे चढतात उतरतात, पण कमानी म्हणजे काय हे कोणाला माहित आहे? इथली कमानी ट्यूब्ज ही कंपनी बंद पडली तेव्हा कामगार घरी बसले नाहीत, कंपनी आम्हीच चालवतो म्हणून भांडले, 1988 मध्ये त्यांच्या योजनेला मंजुरी मिळाली आणि कामगारांच्याच मालकीची म्हणून कंपनी परत सुरू झाली!! देशभर गाजलेली गोष्ट होती ही, वडील सांगताना अजून आवाज चढतो त्यांचा. आणि त्या स्टॉपवर एक ओळ लिहिलेली नाही.

तिथून जवळच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता, आपली काळी-पिवळी पद्मिनी तिथेच बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण ती कुर्ल्याची होती हे किती जणांनी लिहिलं? आता तिथे कोहिनूर सिटी आहे. पुढे विक्रोळीला गोदरेज, 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथेच बनल्या, शाळेच्या सहली यायला पाहिजेत खरं तर इथे. भांडुप-मुलुंडला तर ओळीने कारखाने होते आणि आता ओळीने टॉवर. टॉवरला माझा विरोध नाही, लोकांना घरं लागतातच, पण भांडुपला वडिलांना स्वतःच्या कंपनीचं गेट नक्की कुठे होतं ते पटकन सापडेना, समोरच्या जुन्या पानवाल्याला विचारावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मेट्रो 4 ची मार्गिका घाटकोपरच्या पुढे याच रस्त्यावरून जाते. ही मेट्रो बांधणाऱ्या एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) इथल्या प्रत्येक स्टेशनात एक भिंत त्या भागातल्या कारखान्यांसाठी ठेवावी, जुने फोटो, कंपनी कधी सुरू झाली कधी बंद झाली, काय बनायचं, मराठीत आणि मोठ्या अक्षरात. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले इंग्रजांच्या काळातले मैलाचे दगड पालिकेने शोधून नीट केले, चांगलंच काम आहे ते, मग ज्यांनी या रस्त्यावर तीस-तीस वर्षं पाळ्या केल्या त्यांच्यासाठी एवढं व्हायला हरकत नसावी. जुने कामगार आहेत तोवर फोटो आणि माहिती मिळेल, बऱ्याच जणांकडे कंपनीचे बिल्ले आणि ग्रुप फोटो कपाटात पडून आहेत, वडील तर स्वतःचे द्यायला आत्ता तयार आहेत.

— एक वाचक, मुलुंड (पश्चिम)