जाणूनबुजून डंख घेणाऱ्यांना

टास्मानियातल्या त्या 68 जणांना,

सप्रेम नमस्कार.

जॅक जम्पर या मुंगीच्या डंखाने बहुतेकांचा हात नुसता सुजतो. तुम्हाला तिच्या विषाची ॲलर्जी; तुमच्या मात्र अंगभर पित्त उठायचं, घसा आवळायचा, रक्तदाब कोसळायचा. तरीही रॉयल होबार्ट हॉस्पिटलच्या, या ॲलर्जीवरच्या उपचाराच्या चाचणीत तुम्ही नाव दिलंत. काहींना त्या मुंगीच्या विषाची इंजेक्शनं, काहींना विषाविना नुसती सुई. कोणाला काय मिळतंय हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मग शिरेत सलाइनची सुई, शेजारी ॲड्रेनलीन (जिवावर बेतणारी ॲलर्जी आवरणारं औषध) तयार आणि हातावर जिवंत मुंगी! डंखापर्यंत पोचलेल्यांपैकी विषाविना सुई घेतलेल्या 29 जणांतल्या 21 जणांना डॉक्टरांना स्पष्ट दिसेल अशी अंगभर प्रतिक्रिया आली; विष घेतलेल्या 23 जणांत कोणालाही नाही. हे 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

या आकड्यांवाचून या मुंगीवरचा उपचार उपेक्षितच राहिला असता. मधमाशी आणि गांधील माशीसाठी असाच निकाल 1978 साली अमेरिकेत लागला होता. त्याआधी अख्खा कीटक वाटून त्याचा अर्क टोचत. विष असतं पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत; अख्खी माशी वाटली की ते जवळजवळ नाहीसंच होतं, आणि त्या चाचणीत तो अर्क खोट्या औषधाइतकाच निकामी ठरला. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीची एकेक विषपिशवी सोडवणाऱ्या हातांचेही इथेच आभार.

आम्ही ही इंजेक्शनं देणाऱ्या परिचारिका. सुरुवात एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी विषाने, मग पायरीपायरीने 100 मायक्रोग्रॅमपर्यंत. म्हणजे साधारण मधमाशीच्या दोन डंखांएवढं. त्यानंतर पहिलं वर्ष दर चार आठवड्यांनी, पुढे अंतर वाढवत, एकूण तीन ते पाच वर्षं. विरळ द्रावणातलं विष बाटलीच्या काचेलाच चिकटून बसतं, म्हणून ते अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घातलेल्या सलाइनमध्येच विरघळवायचं. बाटली फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. गोठली तर टाकून द्यायची.

सुई दंडाच्या मागच्या बाजूला, कातडीखाली. त्याआधी विचारायचं: ताप आहे का, दमा उसळलाय का, मागच्या वेळी काय झालं, रक्तदाबाची गोळी बदलली का? बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक प्रकार) चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण त्यावर ॲड्रेनलीन नीट लागू पडत नाही. दंड सुजला तर बर्फ लावायचा. तेवढ्यासाठी कोर्स सोडू नये. तारीख फार चुकली तर डोस खाली आणावा लागतो, आणि आमच्या मते घोटाळा सर्वांत जास्त होतो तो इथेच.

नंतर अर्धा तास समोर बसवून ठेवायचं. तळहात खाजायला लागले, आवाज बसला की रुग्णाला आडवं करून मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलीन: किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त 0.5. धाप लागली असेल तर पाय पसरून बसू द्यावं, पण उभं करू नये. रक्तदाब पडलेला माणूस उठून उभा राहिला की हृदयाकडे रक्तच परत येत नाही. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही.

खोटं औषध मिळून ज्यांना डंख सोसावा लागला, त्यांचं ऋण सर्वांत मोठं. चाचणीच्या रचनेप्रमाणे पुढे खऱ्या विषाची पाळी तुमचीही होती, याचं आम्हाला फार समाधान आहे. आज एखाद्या रुग्णाने "हे खरंच लागू पडतं का?" असं विचारलं, तर आम्ही तुमचे आकडे सांगतो.

कृतज्ञतापूर्वक,
ऑस्ट्रेलियात ॲलर्जीची इंजेक्शनं देणाऱ्या काही मराठी परिचारिका