काळा दोरा

दादू,

पोहोचलो एवढा एक मेसेज टाकलास, नंतर मी दोनदा फोन केला तर कट केलास. राग बरोबर आहे तुझा. दिवाळीला चार दिवसांसाठी आलास आणि दारातच, अजून बॅगही खांद्यावरून उतरली नव्हती, मी तुझ्या गळ्यातला दोरा धरून असा ओढला की मानेवर लाल वळ उठला. तू सांगत होतास की आई फॅशन आहे अगं, एफसी रोडवर दीडशेला मिळाला, होस्टेलमध्ये सगळ्यांकडे आहे. काळा दोरा आणि त्याला ते बोटाच्या पेराएवढं काचेचं नळीसारखं लॉकेट. मला ते दिसलं आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. पप्पांनी पण रात्री विचारलं की झालं काय होतं तुला, मी म्हटलं डोकं दुखत होतं. खोटं बोलले. चार दिवस सांगू सांगू करत राहिले, फराळाची ताटं भरत राहिले, आणि तू गरीब रथमध्ये बसून निघून पण गेलास. फोनवर सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तू म्हणशील आई नंतर बोलू, म्हणून लिहून राहिले. मोठं होईल, पण एका बैठकीत वाच.

हे तुझ्या आजोबांचं आहे. मी त्यांना शब्द दिला होता की कोणाला सांगणार नाही, आजीला पण नाही, आणि सोळा वर्षं नाही सांगितलं. आता ते नाहीत, आणि त्यांचं न सांगितलेलं माझ्या हातातून तुझ्या मानेपर्यंत आलं, तर आता सांगायलाच पाहिजे.

1990 ची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांची, आम्ही नागपुरात इंदोऱ्याला जुन्या घरी राहायचो. माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, महार रेजिमेंटमध्ये नाईक होते आणि शांतिसेनेसोबत श्रीलंकेत होते. तिकडून शेवटची तुकडी 24 मार्चला निघाली, बाबा एप्रिलच्या सुरुवातीला सुट्टीवर आले. जीटी एक्स्प्रेसने मद्रासहून नागपूर. त्यांना घ्यायला आई आणि काका स्टेशनवर गेले, मी नाही गेले कारण मला लू लागली होती, तीन दिवस ताप उतरत नव्हता. आणि तुझ्या पणजीने, म्हणजे बाबांच्या मायने, कोणाला न सांगता ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात जाऊन ताईत आणला होता आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला होता. तुला माहीतच आहे, नागपुरात ताजबागेत कोण जात नाही, सगळेच जातात.

बाबा घरात आले. मी खाटेवर होते, ओल्या चादरीत. दोन वर्षं मी त्यांची वाट पाहिली होती रे. ते माझ्याकडे आले, वाकले, कपाळावर हात ठेवणार तेवढ्यात त्यांना दोरा दिसला. हात तसाच थांबला. मग त्यांनी तो दोरा मुठीत धरला आणि एका झटक्यात तोडला आणि ताईत अंगणात भिरकावला. मी किंचाळले. पणजी ओरडली, कावून तोडलास रे बाप्पा, पोरीले ताप हाय! बाबा काही बोलले नाहीत, मागच्या मोरीत गेले आणि उलटी केली.

मोहल्ल्यात याचा अर्थ असा लागला की बाबा पक्के आंबेडकरी. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं होतं, 14 एप्रिलला आमच्याकडे नुसता उत्साह होता, निळे झेंडे, रात्रभर ढोल, आणि लोक बाबांचं कौतुक करायचे, की बघा, फौजी माणूस, बाबासाहेबांनी आपल्याला गंडेदोऱ्यातून बाहेर काढलं तर हा स्वतःच्या मायला पण चालू देत नाही. बाबा ऐकून घ्यायचे. नाही म्हणाले नाहीत. मी पण तेच मानत मोठी झाले. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण दिलं त्यात सुद्धा हाच प्रसंग सांगितला होता, पहिला नंबर आला होता, आणि बाबा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. आज ते आठवलं की पोटात कालवतं.

श्रीलंकेचं तुम्हा पोरांना काही शिकवत नाहीत, म्हणून थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला. आपली फौज तिकडे लढायला नाही, शांतता ठेवायला आणि लिट्टेची, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या संघटनेची, हत्यारं जमा करायला गेली होती. सुरुवातीला जाफन्यात लोकांनी हार घातले. मग 5 ऑक्टोबरला लिट्टेच्या पकडलेल्या माणसांपैकी बारा जणांनी पलालीच्या तळावर सायनाइड घेऊन जीव दिला, आणि पाच-सहा दिवसांत ज्यांनी हार घेतले होते त्यांनाच त्या गल्ल्यांमधून लढावं लागलं. लिट्टेवाल्यांच्या गळ्यात दोऱ्याला सायनाइडची काचेची कुपी असायची, जिवंत सापडायचं नाही म्हणून. आपले सुमारे बाराशे जवान गेले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर परमेश्वरन यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ते नाव तरी लोकांना माहीत असतं. बाकीच्यांचं काय. आणि परत आले तेव्हा मद्रासला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, कारण तमिळ लोकांवर अत्याचार करून आलेली फौज असं तिकडे म्हणत होते. ते अगदीच हवेत म्हणत नव्हते दादू. जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये 21 ऑक्टोबरला आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट अशी साठ-सत्तर माणसं मेली. मी बाबांना एकदा विचारलं होतं, तुम्ही होते का तिथे. ते म्हणाले नाही, आम्ही नंतर पोहोचलो. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

आता 2009. मे महिना, नवतपा लागायला आठवडा होता. तू तीन वर्षांचा. टीव्हीवर सारखं तेच चालू होतं, लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला, श्रीलंकेतलं युद्ध संपलं. बाबा दिवसभर टीव्हीसमोर, चहा थंड झाला तरी हात लावला नाही. रात्री आपण सगळे गच्चीवर झोपायचो, त्या रात्री बाबा वर आलेच नाहीत म्हणून मी खाली गेले. ते कूलरसमोर खुर्ची घेऊन बसले होते, अंधारात. कूलरचा एवढा आवाज की बाजूला बसल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. कदाचित म्हणूनच बोलले. मी बाजूला बसले आणि ते समोर बघतच बोलायला लागले, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ते म्हणाले, जाफन्याच्या बाजूला एका खेड्यात सर्च होता. सगळीकडे ताडाची झाडं. एका घरामागे एक पोट्टा सापडला, पायाला गोळी लागलेली. तेरा-चौदाचा असेल, मिशीची रेघ पण नव्हती. लुंगी आणि चौकड्याचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. गाडी येईपर्यंत बाबांना त्याच्यावर पहाऱ्याला ठेवलं. पट्टी बाबांनीच बांधली. तो सारखा तन्नी तन्नी म्हणत होता, तन्नी म्हणजे पाणी, तेवढं त्यांना येत होतं. पाणी द्यायला वाकले तेव्हा कॉलरच्या आत काळा दोरा दिसला.

मग बाबा म्हणाले, मला माहीत होतं. आम्हाला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पकडला की आधी गळा बघायचा. पण तो दोरा बघून मला वाटलं त्याच्या मायने ताईत बांधला असेल. आपल्याकडे नाही का बांधत. एवढं लहान लेकरू, त्याच्या गळ्यात दुसरं काय असणार. मी ओढला नाही.

दोन घोट पाणी पिऊन झालं. बाबांनी बाटलीचं झाकण लावायला मान वळवली. तेवढंच. बाबा म्हणाले, झाकणाचे आटे बसत नव्हते, मी ते बसवत होतो.

पुढचं मी लिहीत नाही. बाबांनी पण नाही सांगितलं, हाताने फक्त थोडं असं केलं.

नंतर साहेबांनी विचारलं, दोरा दिसला नाही का. बाबा म्हणाले, नाही दिसला साहेब. हे त्यांचं लपवलेलं. बावीस वर्षं त्यांनी हे एकच वाक्य धरून ठेवलं होतं, नाही दिसला साहेब. मला म्हणाले, तो आपला दुश्मन होता हे मला समजतं, दुसऱ्या दिवशी त्याने मला मारलं असतं हे पण समजतं, पण मला दिसला होता ना. आणि त्याचं नाव पण मी विचारलं नाही.

मी काय बोलणार होते. मी नुसता त्यांचा हात धरला. मग मला त्या ताईताचं आठवलं आणि मी विचारलं, बाबा, म्हणून माझ्या गळ्यातला... तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तू तापात पडली होतीस, ओठ सुकलेले, आणि गळ्यात तो दोरा, मला तू दिसलीच नाहीस बाई, तोच दिसला.

मी आठवीला शिकवते. रोज माझ्यासमोर तेरा-चौदाची साठ पोरं बसतात, डब्यातली भाजी आवडली नाही म्हणून रुसतात, कंपासपेटीवरून मारामारी करतात. अशा पोरांच्या गळ्यात कोणीतरी मोठ्या माणसाने समजून उमजून विष बांधलं. शेवटी शेवटी तर तिकडे घरटी एक पोर द्यावंच लागायचं, आया पोरींची लवकर लग्नं लावून द्यायच्या, लग्न झालेल्यांना नेत नाहीत म्हणून. अठरा वर्षांखालच्यांना लढायला लावू नये असा आंतरराष्ट्रीय करार पार 2000 साली झाला, 2002 च्या 12 फेब्रुवारीपासून लागू. बाबांचा तो पोट्टा त्याच्या कितीतरी आधी गेला. तमिळ लोकांवर तिकडे अन्याय झाला होता हे खरंच आहे, 1983 मध्ये कोलंबोत त्यांची घरं जाळली, माणसं जाळली, आपण जय भीमवाल्यांनी तरी ते समजून घेतलं पाहिजे. पण कोणत्याही कारणासाठी, कितीही खऱ्या कारणासाठी, लेकराच्या गळ्यात ते बांधणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. मी आई म्हणून नाही करू शकत.

आणि मी स्वतः? मी लढाईपासून बारा-तेराशे किलोमीटर लांब इंदोऱ्यात होते, मला एक खरचटा पण नाही आला. पण मला बाप मिळाला तो असा की झोपेत असले की येऊन कॉलरमध्ये बोट घालून बघायचा. शाळेच्या आयकार्डची दोरी घरी आल्याबरोबर काढून ठेवायला लावायचा. माझ्या लग्नात मंगळसूत्र घालायची वेळ आली तेव्हा बाहेर निघून गेले होते, लोकांना वाटलं मुलगी जाते म्हणून रडतात. मला वाटायचं माझ्यातच काही चुकीचं आहे, बाबा माझ्या तोंडाकडे न बघता मानेकडे का बघतात. एवढीशी गोष्ट, पण एकोणीस वर्षं मी ती घेऊन फिरले. आणि 2009 नंतर माहीत असून पण मी तेच केलं. तुला लहानपणी दृष्टीचा काळा दोरा बांधू दिला नाही, तुझ्या दुसऱ्या आजीशी त्यावरून वर्षभर अबोला होता, आणि तिला कारण सांगितलं काय, तर इन्फेक्शन होतं.

एक गोष्ट तुला आठवत असेल. फाटकाबाहेरचा माठ. मार्च लागला की आजोबा रांजणासारखा मोठा माठ आणायचे, खाली वाळू, वर ओलं पोतं, साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास, आणि तुला सुट्टीत सकाळ-संध्याकाळ भरायला लावायचे. तू कुरकुर करायचास, आजोबा आता आरओ आहे, बिसलेरी आहे, कोण पितं. ते म्हणायचे कोणी तरी पितं. झाकणाचे ते दोन-दोनदा बघायचे, नीट बसलं का. तू हसायचास त्यांना. मी त्या वेळी आत जाऊन उभी राहायचे.

आणखी एक, जे बाबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तो ताईत पणजीने अंगणातून शोधून आणला होता आणि माझ्या उशीच्या खोळीत शिवून टाकला होता. मला म्हणाली, बापाले सांगू नको, त्याचं काही तरी दुखून राहिलं. तिला काय कळलं होतं कोण जाणे, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. ताप दोन दिवसांनी उतरला, उतरणारच होता. ती उशी फाटेपर्यंत मी त्यावर झोपले.

तुझा दोरा माझ्याकडे आहे. तुटला त्या जागी गाठ मारली, लॉकेटची कडी वाकली होती ती सराफाकडून सरळ करून आणली. कपाटात माझ्या साड्यांखाली डबीत ठेवलाय. तुझा आहे, आलास की घे, घालायचा असेल तर घाल, मी काही म्हणणार नाही, फक्त पहिल्यांदा घालशील तेव्हा माझ्यासमोर घाल म्हणजे मी बघेन आणि मला सवय होईल. आजीला यातलं काही बोलू नको, तिला मीच सांगेन, अजून कसं ते ठरलं नाही.

माठाला यंदा तडा गेलाय. मार्चमध्ये दोन दिवस जोडून सुट्टी मिळाली तर ये, कुंभाराकडे जाऊन नवीन आणायचाय आणि तो मला एकटीला उचलत नाही.

वाचलंस की फोन कर. रात्री उशीर झाला तरी कर, मी जागीच असते.

तुझी आई