जिल्ह्याची यादी एक्सेलमध्ये दुरुस्त करू नका

संपादक महोदय,

केळीचा पीकविमा असो की कापसाचे अनुदान, खानदेशात लाभार्थ्यांची यादी आता सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) फिरते आणि तालुक्याला ती सरळ एक्सेलमध्ये उघडली जाते. एका गावाची यादी असली तर निभावते. मोठ्या यादीत मात्र घात होतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फाइल त्याहून मोठी असेल आणि तशीच सेव्ह केली, तर उरलेल्या ओळी कायमच्या जातात. खाते क्रमांक पंधरा अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. खात्याच्या सुरुवातीची शून्ये गळतात ती वेगळीच. शेतकऱ्याचे पैसे अडायला एवढे पुरते.

हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे आहे. पण तिथेही सगळ्या ओळी एकदम वाचणारी ‘रीडलाइन्स’ ही आज्ञा लिहिली की अख्खी फाइल मेमरीत चढते आणि चार जीबी रॅमचा संगणक गपगार होतो. फाइलवर थेट ‘फॉर’ लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारी रचना) लावावा, म्हणजे एका वेळी एकच ओळ हातात येते.

दुरुस्ती जागच्या जागी, म्हणजे त्याच फाइलीत जुन्या अक्षरांवर लिहून, करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या यादीतल्या ‘एदलाबाद’ या तालुक्याच्या जुन्या नावाचे ‘मुक्ताईनगर’ करायचे आहे असे समजा. युटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककांत, मांडायची पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. म्हणजे पहिले नाव २१ बाइटचे, दुसरे ३०. जुन्यावर नवे लिहिले तर नऊ बाइट पुढे सांडतात: मधला स्वल्पविराम, पुढच्या रकान्यातल्या गावाच्या नावाची दोन चिन्हे आणि तिसऱ्याचे दोन बाइट खातात. उरलेला एकटा बाइट पुढच्या वाचनात ‘युनिकोड डिकोड एरर’, म्हणजे अक्षर ओळखता न आल्याची चूक, देतो. तेव्हा त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल उघडावी, पायथनमधल्या तयार सीएसव्ही मॉड्यूलने एकेक नोंद वाचून फक्त तालुक्याचा रकाना बदलावा आणि नोंद नव्या फाइलीत लिहावी. दोन्हींकडच्या नोंदी मोजाव्यात, जुळल्या तरच ‘ओएस डॉट रिप्लेस’ या आज्ञेने जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवावी. नवी फाइल पेनड्राइव्हवर असेल तर ही आज्ञा चालत नाही, आणि विंडोजवर जुनी फाइल एक्सेलमध्ये उघडी असली तरीही नाही. मोजणी ओळींची नव्हे, नोंदींची करावी. पत्त्यात कोणी एंटर दाबलेला असतो, मग एकच नोंद दोन ओळींत पसरते.

फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवायची पद्धत, स्पष्ट लिहावे, नाहीतर विंडोजवर मराठीची अक्षरशः माती होते. वाचताना ‘युटीएफ-८-सिग’ दिलेले बरे, कारण एक्सेलमधून आलेल्या फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारे चिन्ह असू शकते आणि मग पहिल्या रकान्याचे नाव जुळतच नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संगणक वर्गांनी एवढे तरी मुलांकडून करवून घ्यावे. आणि यादी देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने सोबत एकूण नोंदींचा आकडा लिहून द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ताळा करता येईल.

– एक वाचक, भुसावळ