परत येणारा डावा हात

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुष्टियुद्धाच्या जुन्या कृष्णधवल लढतींमधून आजच्या मुलीनं काय शिकायचं, असं तू विचारलंस. एकच माणूस घे, अमेरिकेचा सर्वांत जड वजनगटातला (हेवीवेट) मुष्टियोद्धा जो लुईस. त्याच्या दोनच लढती घे, १९ जून १९३६ ची आणि २२ जून १९३८ ची. दोन्ही न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाल्या आणि दोन्हींत समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग होता. पहिलीत लुईस १२व्या फेरीत आडवा झाला. दुसरी त्यानं २ मिनिटं ४ सेकंदांत संपवली. बघताना ठोसा कुठे लागला इकडे लक्ष देऊ नकोस. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर त्याचा डावा हात कुठल्या वाटेनं परत येतो, तेवढंच बघ.

त्याआधी त्याचे पाय बघून घे, कारण सगळी ताकद तिथून येते. लुईस नाचत नाही. डावा पाय अर्धी वीत पुढे सरकतो आणि उजवा तेवढाच मागून येतो. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत, एकमेकांजवळही येत नाहीत. मागचा पाय मागेच राहिला तर पवित्रा लांबतो आणि पुढचा उजवा ठोसा पोचतच नाही. तो जास्त जवळ आला तर साध्या धक्क्यानंही तोल जातो. त्याचे गुरू जॅक ब्लॅकबर्न स्वतः लाइटवेट या हलक्या वजनगटातले जुने मुष्टियोद्धे होते. आधी तोल, मग ठोसा, ही त्यांची शिकवण. म्हणूनच लुईस तीन-चार ठोसे सलग मारू शकतो. पहिला ठोसा संपतो तेव्हा तो दुसऱ्यासाठी तयारच उभा असतो.

आता ठोसे. त्याचा जॅब म्हणजे नुसती चाचपणी नाही. पुढचा पाय टेकतो त्याच क्षणी मूठ लागते, म्हणजे अंगाचं वजन तिच्यामागे असतं. पाय आधी टेकून हात मागून गेला, तर तो फक्त हाताचा ठोसा होतो. उजवा ठोसा हनुवटीपासून निघतो. मागची टाच बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा. मारण्यापूर्वी हात मागे ओढणं नाही. मागे ओढलेला हात समोरच्याला चिठ्ठी पाठवल्यासारखा असतो. मूठ शेवटच्या क्षणी आवळायची. सुरुवातीपासून आवळली की खांदा जखडतो आणि दुसऱ्या मिनिटालाच हात जड होतात. कोपर बाहेर गेलं की ठोसा वळसा घेतो आणि अंगठ्याच्या बाजूनं लागतो. मनगट तिथेच दुखावतं. डाव्या हूकमध्ये, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशात, कोपर काटकोनात ठेव आणि पुढचा पाय व कंबर एकदम फिरव. लुईसचे ठोसे इतके जवळून सुटतात की पडद्यावर कधी कधी सुटलेले दिसतच नाहीत, फक्त समोरचा माणूस बसलेला दिसतो.

एवढ्या कसलेल्या माणसात चूक कुठे होती? जॅब लागला की त्याचा डावा हात सरळ गालाशी न येता खाली घसरत छातीपर्यंत यायचा. हूक खालून काढायला ते सोयीचं पडायचं. श्मेलिंगनं डिसेंबर १९३५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिंगजवळ बसून लुईस आणि पाउलिनो उझकुदुनची लढत पाहिली, मग तिची फिल्म पुन्हा पुन्हा बघितली आणि नेमकं हेच हेरलं. जूनमध्ये त्यानं उजवी मूठ हनुवटीशी तयार ठेवली, जॅब आखूड पडेल इतकंच अंग मागे घेतलं आणि घसरणाऱ्या हाताच्या वरून उजवा ठोसा लुईसच्या डाव्या जबड्यावर घातला. चौथ्या फेरीत लुईस व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला. पुढच्या फेऱ्या बघ. तीच वाट, तोच ठोसा. त्या लढतीच्या तयारीच्या दिवसांत लुईसला गोल्फचा नाद लागला होता आणि सराव सैल होता हेही खरं. पण सैल सरावात जुनी खोड उसळी मारते, एवढाच त्याचा अर्थ.

दोन महिन्यांत तो परत उभा राहिला आणि जॅक शार्कीला तिसऱ्या फेरीत पाडलं. २२ जून १९३७ ला शिकागोत जेम्स ब्रॅडॉकनं पहिल्याच फेरीत त्याला खाली बसवलं, तरी आठव्या फेरीत तो जगज्जेता झाला. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरल्यानंतर तब्बल २२ वर्षं कुठल्याही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला हेवीवेट किताबासाठी लढायची संधीच मिळाली नव्हती. म्हणून, ही संधी हातची जाऊ नये यासाठी, पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, असं त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला बजावलं होतं. त्याचा तो कोरा चेहरा बघताना हे ओझं ध्यानात ठेव.

१९३८ ची लढत आता हळू करून बघ. जॅब जातो आणि त्याच रेषेत परत येतो. श्मेलिंगच्या उजव्या हाताला वाटच मिळत नाही. मग उजवा ठोसा त्याला दोरांवर लोटतो. तिथे श्मेलिंग अंग वळवतो आणि ठोसा कमरेच्या मागच्या बाजूला बसतो. त्याच्या पाठीच्या मणक्याचं हाड मोडलं. तो तीनदा पडला, मग त्याच्या कॉर्नरमधून, म्हणजे त्याच्या साथीदारांकडून, हार मान्य करणारा टॉवेल आला.

पण चूक कायमची गेली असं समजू नकोस. डिसेंबर १९४७ मध्ये जर्सी जो वॉलकॉटनं त्याला पहिल्या आणि चौथ्या फेरीत खाली पाडलं, दोन्ही वेळा उजव्या हातानंच. लुईस तेव्हा ३३ वर्षांचा होता. निकाल त्याच्या बाजूनं गेला, तरी मला तो पटत नाही. शरीर थकलं की हात जुन्या वाटेनं जातो. म्हणून तुझा सराव थकव्यातच तपासायचा.

असं कर. २ मिनिटांच्या ३ फेऱ्या, मध्ये १ मिनिट विश्रांती, फक्त जॅब. परत येताना अंगठ्याची बाजू प्रत्येक वेळी गालाच्या हाडाला टेकली पाहिजे. आरसा चालेल, पण मोबाइल बाजूला ठेवून चित्रण कर. समोरून हात घसरलेला नीट कळत नाही. पहिलं मिनिट बघायची गरज नाही, प्रत्येक फेरीचे शेवटचे ३० सेकंद बघ. नंतर जोडीदाराला पॅड घालून तुझ्या प्रत्येक जॅबवर वरून हलकी टपली मारायला सांग. इथे मुली एक वेगळी चूक करतात. हात सांभाळायच्या धास्तीनं जॅबच अर्धा मारतात. कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे आणि डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकली पाहिजे. हनुवटी उचलली जात असेल तर टेनिसचा चेंडू हनुवटीखाली धरून शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोशांचा सराव, कर. लुईससारखा हात खाली ठेवून उभी मात्र राहू नकोस. त्याचा अंदाज आपल्याकडे नाही.

या दोन झाल्या की बिली कॉनशी झालेली १८ जून १९४१ ची लढत बघ. जवळजवळ ३० पौंडांनी हलका कॉन १२ फेऱ्या त्याला फिरवत राहिला. कॉनला फक्त लांब राहायचं होतं. १३व्या फेरीत पाडायच्या मोहानं तो जवळ आला आणि आखूड ठोशांच्या पल्ल्यात सापडला. फेरी संपायला २ सेकंद असताना तो बाद झाला.

सलग २५ वेळा किताब राखला लुईसनं, १९३७ ते १९४९. मधल्या काळात सैन्यात गेला, त्याच सुमारास दोन लढतींची कमाई नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली. पुढे कराच्या थकबाकीपायी त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरावं लागलं, ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं त्याला आठव्या फेरीत बाद केलं. ती लढत मी तुला बघ म्हणणार नाही. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत श्मेलिंगही होता.

पुढचा व्हिडिओ पाठवशील तो बाजूनं काढलेला असू दे, आणि तिसऱ्या फेरीचा.

तुझी आई